कालव्याच्या वर, कालव्याच्या खाली

पाणी वाचवणारी सिंचनपद्धत कोण स्वीकारतो आणि कोण टाळतो, हे पाहण्यासाठी बारामती तालुक्याइतका सोयीचा प्रदेश महाराष्ट्रात क्वचितच सापडेल. भाटघर आणि वीर धरणांचे पाणी घेऊन नीरा डावा कालवा या तालुक्यातून पुढे इंदापूरकडे जातो. हा कालवा समपातळी धरून वळणे घेत चालतो, त्यामुळे तो आणि नीरा नदी यांच्या मधल्या उतारावरच त्याचे पाणी आपोआप पोहोचते. तो पट्टा बागायत. कालव्याच्या उत्तरेचा माळ उंचावर राहतो, तो जिरायत. पाऊस दोन्हीकडे साधारण सारखाच, वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही बेभरवशाचा. तरी एकीकडे बाराही महिने ऊस उभा असतो आणि साखर कारखान्यांची धुराडी दिसतात, तर दुसरीकडे बाजरी, मटकी, रब्बीची ज्वारी आणि मेंढरांची खांडे. मोरगाव, सुपे, तरडोली, मुर्टी, लोणी भापकर ही गावे या वरच्या अंगाची. इंदापुरातही तीच विभागणी आहे. दक्षिणेला नीरेचा आणि कालव्याचा आधार, उत्तरेला उजनी धरणाचा फुगवटा, आणि मधली गावे आभाळाकडे डोळे लावून.

ठिबक सिंचन या दोन्ही पट्ट्यांत आले, पण वेगवेगळ्या कारणांनी आणि वेगवेगळ्या वेगाने. ज्याच्याकडे पाणी कमी त्याने ते आधी उचलले, ज्याच्याकडे भरपूर त्याने उशिरा किंवा मुळीच नाही. एवढे कोणालाही सांगता येईल. खरा प्रश्न त्यापुढचा आहे: शेतकऱ्याला पाट सोडून ठिबकवर यायला मदत करायची तर ती नेमकी कोणत्या गोष्टीची? सरकारी उत्तर गेली चाळीस वर्षे बहुतेक एकच आहे, नळ्यांच्या किमतीवर अनुदान. ते आवश्यक आहे, पण नळ्यांची किंमत हा अडचणीचा एक भाग झाला. पाणी कधी येते, वीज कधी येते, पाण्याचा हिशेब कशाने होतो आणि संच बिघडला तर कोण येते, या चार गोष्टींवर बाकीचे ठरते.

लोणी भापकरला मल्लिकार्जुनाचे जुने मंदिर, यादवकाळातली देखणी पुष्करणी आणि यज्ञवराहाचे प्रसिद्ध शिल्प आहे. इतिहासाचे अभ्यासक या गावी त्यासाठी जातात. सिंचनाच्या दृष्टीने त्या पुष्करणीचा अर्थ साधा आहे. वाहते पाणी नसलेल्या मुलखात वस्ती टिकली ती जमिनीत मुरलेल्या पाण्यावर, आणि विहिरीला किती पाणी लागते यावरच इथल्या शेतीची मर्यादा ठरत आली. काळा पाषाण कठीण, त्यातल्या भेगांत आणि मुरमात जेवढे पाणी साठेल तेवढेच. पावसाळा बरा झाला तर विहीर दिवाळीपर्यंत भरलेली, माघात खाली गेलेली, आणि चैत्रात दिवसाकाठी तासभर मोटर चालली तरी पुष्कळ.

या तासाभराचा हिशेब केला की ठिबकचे महत्त्व आकड्यांत दिसते. पाच अश्वशक्तीचा पंप साधारणपणे तासाला वीस-पंचवीस हजार लिटर पाणी काढतो. एक एकर म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर. पाटाने सऱ्या भरायच्या तर एका पाळीला जमिनीवर ७५ मिलिमीटरचा थर द्यावा लागतो, म्हणजे एकराला तीन लाख लिटर. तासभर चालणाऱ्या विहिरीतून एवढे पाणी गोळा व्हायला बारा-पंधरा दिवस लागतील, आणि तोवर पहिली सरी पुन्हा तडकलेली असेल. ठिबकने मात्र त्या दिवशी पिकाला लागते तेवढेच द्यायचे असते. उन्हाळ्यात भरात आलेल्या पिकाला दिवसाला पाच मिलिमीटर धरले तर एकराला वीस हजार लिटर होतात. पाच फुटांवर एक नळी आणि दर ४० सेंटीमीटरला ताशी चार लिटरचा ड्रीपर, असा संच एकरात असेल तर सुमारे ६,६०० ड्रीपर मिळून तासाला साडेसव्वीस हजार लिटर सोडतात. म्हणजे पाऊण तासात काम झाले. पंपाची ताकद त्याहून कमी असेल तर एकराचे दोन भाग करायचे आणि कॉक फिरवून पाळीपाळीने द्यायचे. जी विहीर पाटपाण्यावर एकरभरही पुरत नाही, ती ठिबकवर एकराला नीट सांभाळते. डाळिंबासारखी फळबाग असेल तर आणखी ताणते, कारण साडेचार मीटर बाय तीन मीटर अंतरावर एकरात तीनशेच झाडे बसतात आणि पाणी फक्त त्यांच्या बुडाशी जाते.

डाळिंब हे या माळाला मानवलेले पीक ठरले ते यामुळेच. बहार धरताना झाडाला आधी ताण द्यायचा, पाने गाळायची आणि मग मोजून पाणी सुरू करायचे, ही पद्धत तोटी हातात असलेल्यालाच जमते. बारामती, इंदापूर आणि शेजारच्या पुरंदरात डाळिंबाबरोबर सीताफळ, अंजीर, पेरू, द्राक्ष अशा बागा ठिबकवर वाढल्या. तेल्या रोगाने पुढे अनेक डाळिंबबागा उपटाव्या लागल्या, पण बाग गेली तरी नळ्या राहिल्या. त्यांवर शेतकऱ्यांनी भाजीपाला केला, कुणी चाऱ्याची मका घेतली.

खालच्या पट्ट्याची गोष्ट जुनी आहे आणि ती पाण्याच्या टंचाईची नसून अतिरेकाची आहे. दुष्काळी मुलखाला संरक्षण म्हणून बांधलेला नीरा डावा कालवा १८८५च्या सुमारास सुरू झाला. हेतू होता पाऊस हुकलेल्या वर्षी ज्वारी-बाजरी वाचवण्याचा. प्रत्यक्षात चांगल्या वर्षी शेतकरी पाणी घेईनात, आणि जे घेत ते उसाला घेत. विसाव्या शतकाच्या आरंभी, मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या मुंबई इलाख्यात अभियंता असताना, या कालव्यावर त्यांनी ठोक पद्धत आणली. पाणी कुठेही न सांडता ठरावीक जमिनीच्या ठोकांना द्यायचे, ठोकातल्या काही भागातच ऊस घ्यायचा, उरलेल्यात हंगामी पिके, आणि फेरपालट करायची. पाणी पसरून वापरा आणि उसाला आवर घाला, असे त्या योजनेचे सार होते. तिच्यामागे एक धास्तीही होती. अतिपाण्याने नीरेच्या खोऱ्यात जमिनी खारावत चालल्या होत्या. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे हॅरॉल्ड मॅन आणि त्यांचे सहकारी तम्हाणे यांनी १९१० साली नीरा खोऱ्यातल्या खाऱ्या जमिनींवर स्वतंत्र पुस्तिकाच प्रसिद्ध केली. कमी पाणी वापरा हे नीरेकाठच्या शेतकऱ्याला शंभर वर्षांहून जास्त काळ सांगितले जात आहे, आणि त्याने ते फारसे ऐकलेले नाही. त्याला अडाणीपणा म्हणणे सोपे, पण चुकीचे.

कारण कालव्याच्या पाण्याची रचनाच पाट वापरायला भाग पाडते. पाणी आवर्तनाने येते. एक आवर्तन संपले की पुढचे महिन्या-दीड महिन्याने, कधी त्याहून उशिरा. पाळी आली की दारे धरायची आणि सरी तुडुंब भरायची, कारण पुढची पाळी ठरल्या दिवशी येईलच याची खात्री नाही. ठिबकला उलट रोज किंवा एक दिवसाआड थोडे थोडे पाणी हवे. महिन्यातून एकदा येणाऱ्या पाण्यावर रोज चालणारा संच चालवायचा तर मधे साठा लागतो, म्हणजे विहीर किंवा शेततळे. दुसरे कारण पैशाचे. कालव्याची पाणीपट्टी परंपरेने पीक, हंगाम आणि क्षेत्र पाहून आकारली जाते. एकरभर उसाला अर्धे पाणी वापरले म्हणून पट्टी अर्धी होत नाही. मग नळ्यांवर खर्च करून वाचवलेल्या पाण्याचा लाभ कुणाला? खर्च करणाऱ्याला तरी थेट नाही.

राज्याच्या लागवडीखालच्या जमिनीपैकी चार टक्क्यांहूनही कमी क्षेत्रावरचा ऊस सिंचनाच्या पाण्याचा सत्तर टक्क्यांच्या घरात वाटा पितो, असे केंद्राच्या कृषिमूल्य आयोगाने आपल्या अहवालात नोंदवले होते. त्यामुळे ठिबकची खरी परीक्षा उसावर आहे. जुलै २०१७मध्ये राज्य मंत्रिमंडळाने उसाला टप्प्याटप्प्याने ठिबक सक्तीचे करण्याचा निर्णय घेतला. त्यासाठी कर्जाची सोय होती: व्याजाचा दर सव्वासात टक्के, त्यातले चार टक्के शासनाने, सव्वा टक्का साखर कारखान्याने आणि दोन टक्के शेतकऱ्याने सोसायचे. योजना कागदावर चांगली होती. पण आवर्तनाचे वेळापत्रक आणि पाणीपट्टीची पद्धत जुनीच राहिली, आणि पाणी जसे येत होते तसेच येत असताना ते वापरण्याची रीत हुकमाने बदलत नाही. सक्तीचा शब्द मोठा ठरला.

बागायत पट्ट्यात जिथे ऊस ठिबकवर गेला तिथे पाणी वाचवण्यापेक्षा वेगळी आमिषे कामी आली. एक उत्पादनाचे. सरी भरून जमीन आठवडाभर चिखलात आणि मग कोरडी, असे होण्याऐवजी मुळांजवळ कायम वाफसा राहिला तर फुटवे चांगले येतात आणि ऊस जाड होतो. दुसरे खताचे. विद्राव्य खत संचाला जोडलेल्या व्हेंचुरीतून थेट मुळाशी जाते. युरिया आणि पांढरे पोटॅशसुद्धा तसे देता येते, त्यामुळे महागड्या विद्राव्य खतांशिवायही बरेच साधते. तिसरे मजुरीचे आणि झोपेचे. शेतीची वीज आठवड्यातले काही दिवस रात्रीच मिळते. रात्री दोनला बॅटरी घेऊन, सापकिरड्याच्या भीतीत दारे धरण्यापेक्षा कॉक उघडून घरी येणे कुणालाही पटते. ठिबकचा प्रचार करणाऱ्यांनी पाणीबचतीचे आकडे सांगण्यात जेवढा वेळ घालवला, त्याच्या निम्मा जरी या रात्रपाळीवर घालवला असता तरी काम लवकर झाले असते.

प्रत्यक्ष दाखवण्याचे काम या भागात संस्थांनी बरेच केले. आप्पासाहेब पवार यांच्या पुढाकाराने १९७१ साली स्थापन झालेला बारामतीचा अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्ट, त्याचे कृषी विज्ञान केंद्र, माळेगाव खुर्दच्या खडकाळ माळावर २००९ साली उभी राहू लागलेली राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था, आणि नीरेच्या पलीकडे पाडेगावचे ऊस संशोधन केंद्र, एवढ्या संस्था एका टापूत असणे हे भाग्यच. अलीकडे ट्रस्टने मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्डच्या सहकार्याने उसाच्या प्लॉटमध्ये जमिनीतला ओलावा मोजणारे सेन्सर, उपग्रहाची छायाचित्रे आणि हवामानकेंद्र जोडून, आज किती पाणी द्यायचे हे मोबाइलवर सांगण्याचा प्रयोग सुरू केला आहे. ठिबक बसवलेले शेतकरीही अंदाजाने तासन् तास संच चालवत ठेवतात, त्यामुळे या प्रयोगाचे मोल आहे. तो लहान शेतकऱ्याच्या खिशाला परवडेल का, हे गटाने खर्च वाटून घेण्यावर अवलंबून राहील.

अनुदानाचा मार्ग आता बराचसा ठरलेला आहे. प्रधानमंत्री कृषी सिंचाई योजनेतून सुरू झालेल्या 'प्रति थेंब अधिक पीक' या घटकात अल्प व अत्यल्पभूधारकांना ठरवून दिलेल्या खर्चाच्या ५५ टक्के आणि इतरांना ४५ टक्के मिळतात. त्यावर मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेतून राज्याने अनुक्रमे २५ आणि ३० टक्क्यांची भर घातल्याने एकूण ८० आणि ७५ टक्के होतात. मर्यादा पाच हेक्टरची. संचाचे आयुष्य सात वर्षे धरले असून त्यानंतर त्याच जमिनीवर पुन्हा अर्ज करता येतो. महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर अर्ज, मग निवड, पूर्वसंमती, नोंदणीकृत विक्रेत्याकडून खरेदी, बिल चढवणे, कृषी खात्याची मोका तपासणी आणि शेवटी खात्यावर रक्कम, अशा त्याच्या पायऱ्या.

या पायऱ्यांत लहान शेतकरी नेमका कुठे अडखळतो, ते बारकाईने पाहण्यासारखे आहे. रक्कम शेवटी मिळते, म्हणून आधी पूर्ण पैसे उभे करावे लागतात. ज्याच्याकडे ते नाहीत तो उधारीवर विक्रेत्याचा बांधील होतो आणि तो देईल तो माल घेतो. सातबाऱ्यावर विहिरीची नोंद लागते. जिरायत भागात विहीर चार भावांत सामाईक असते, आणे-पैशांत वाटणी झालेली असते, आणि नोंद आजोबांच्या नावावर राहिलेली असते. वाट्याने किंवा खंडाने कसणाऱ्याचे नाव तर कुठेच नसते. सामाईक विहिरीत आणखी एक पेच आहे. पाळी चार दिवसांतून एकदा येत असेल तर रोज पाणी मागणारा संच एकट्या भावाने बसवून उपयोग नाही. चौघांनी मिळून एक पंप, एक फिल्टर आणि चार कॉक अशी जोडणी केली तरच ते चालते. अशा सामाईक जोडणीसाठी अर्ज, आराखडा आणि मध्यस्थी करून देणे ही जिरायत गावातली सर्वांत उपयोगी मदत ठरेल. योजनेचा अर्ज मात्र एकट्या खातेदाराचा असतो.

संच बसल्यानंतरची वर्षे अधिक कसोटीची. इथल्या विहिरींचे पाणी क्षारयुक्त. ड्रीपरच्या बारीक वाटेत पांढरे क्षार बसतात आणि दोन-तीन हंगामांत झाडागणिक पाणी कमीजास्त पडू लागते. उपाय माहीत आहे: पाण्याचा सामू चारच्या आसपास येईल एवढे आम्ल नळ्यांत सोडायचे, चोवीस तास तसेच ठेवायचे आणि मग शेवटच्या टोप्या काढून नळ्या धुऊन घ्यायच्या. शेवाळ असेल तर क्लोरीन. उपसा योजनांच्या पाण्यावर वेगळीच भानगड होते. पुरंदर उपसा योजना मुळा-मुठेचे पाणी उचलते, आणि त्या नदीत पुण्याचे सांडपाणी असते. असे पाणी जाळीच्या छोट्या फिल्टरवर चालत नाही, त्याला वाळूचा फिल्टर लागतो आणि तो वरचेवर उलट्या प्रवाहाने धुवावा लागतो. पैसे वाचवण्यासाठी विक्रेत्याने वाळूचा फिल्टर वगळला असेल तर संच वर्षभरात नादुरुस्त होतो, आणि गावात निष्कर्ष निघतो की ड्रीप आपल्याकडे चालत नाही. नळ्यांवर भारतीय मानकाची खूण, म्हणजे लॅटरलसाठी आयएस १२७८६ आणि इनलाइन नळीसाठी आयएस १३४८८, पाहून घ्यावी हे सांगणारे माहितीपत्रक सगळीकडे मिळते. फिल्टर कोणता हवा ते पाणी तपासून सांगणारा माणूस मिळत नाही.

उसात शत्रू आणखी. उंदीर आणि खारी नळ्या कुरतडतात, रानडुकरे उकरतात. तोडणीच्या वेळी कोयत्याने नळी तुटते, आणि तोडणीनंतर पाचट पेटवले तर जळून जाते. नळ्या आधी गुंडाळून काढायच्या आणि खोडव्याला पुन्हा अंथरायच्या, तर मजुरी दोनदा. म्हणून काही शेतकरी नळी जमिनीखाली गाडतात; पण तेव्हा मुळे ड्रीपरमध्ये शिरण्याचा धोका वाढतो. पाचट न जाळता सरीत आच्छादन म्हणून ठेवणे हा बरा मार्ग आहे: नळीही वाचते आणि बाष्पीभवनही घटते.

आता राहिला तो सर्वांत अवघड मुद्दा. ठिबकने शेतातले पाणी वाचते, पण गावातले वाचते का? जिरायत गावात एकराचे पाणी दीड-दोन एकराला पुरू लागले की शेतकरी दीड-दोन एकर भिजवतो, आणि ते स्वाभाविक आहे. शिवाय पाटाने वाया गेलेल्या पाण्यातला काही भाग जमिनीत मुरून शेजाऱ्याच्या विहिरीला जात होता, तो आता पिकातून हवेत जातो. २०१८ साली 'सायन्स' या नियतकालिकात क्वेंटिन ग्राफ्टन आणि इतरांनी हा विरोधाभास जगभरच्या उदाहरणांनी मांडला: सिंचन कार्यक्षम झाले म्हणून खोऱ्यातला एकूण उपसा आपोआप कमी होत नाही. विहिरीचे पाणी उपसून प्लास्टिकचे शेततळे भरणे हे त्याचेच आपल्याकडचे रूप. भूगर्भात सावलीत असलेले सर्वांचे पाणी उन्हात आणून एकाचे करायचे, आणि त्यातला चांगला वाटा बाष्पीभवनाला द्यायचा. पावसाचा अपधाव साठवणारे शेततळे वेगळे, आणि बोअरने भरलेले वेगळे. ठिबकचे माहेर मानल्या गेलेल्या इस्रायलमध्ये १९५९चा जलकायदा आधी आला. पाणी सार्वजनिक ठरले, त्याचे मोजमाप आणि वाटप ठरले. नेटाफिमची स्थापना १९६५ची. आपण तंत्र आणले आणि कायदा तिथेच ठेवला.

पाण्याचे वाटप आधी ठरवण्याचा प्रयोग लोणी भापकरच्या शेजारच्याच तालुक्यात झाला होता. १९७२च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदरमधल्या नायगावात पाणी पंचायत उभी केली. तिचे नियम कडक होते. पाणी जमिनीच्या प्रमाणात नाही, माणशी. एका माणसामागे अर्ध्या एकरापुरते, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही वाटा. ऊस वर्ज्य. योजनेच्या खर्चाचा पाचवा हिस्सा लाभार्थ्यांनी रोख उभा करायचा. या चौकटीत काटकसर ज्याची त्याला फळते, कारण वाटा ठरलेला असतो आणि वाचलेल्या पाण्यावर आपलेच पीक जास्त निघते. साळुंखे यांच्या जाण्यानंतर आणि विजेचा खर्च वाढल्यावर अशा उपसा योजना चालवणे जड झाले, शिवाय ऊस वर्ज्य ही अट कारखान्यांच्या सावलीत टिकवणे सोपे नव्हते. पण तिने दाखवलेला क्रम योग्य होता: आधी वाटा, मग नळी.

कालव्यावर त्याच क्रमाला कायद्याची वाट २००५ साली मिळाली. सिंचन पद्धतींचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन करण्याच्या कायद्यानुसार पाणीवापर संस्थांना चारीच्या तोंडाशी घनमीटर मोजून पाणी द्यायचे, आणि आकारणी त्या मोजमापावर करायची. त्याच वर्षीच्या दुसऱ्या कायद्याने जलसंपत्ती नियमन प्राधिकरण नेमले गेले आणि दर ठरवण्याचे काम त्याच्याकडे आले. संस्था नीट चालली तर तिला मोजून मिळालेला कोटा सामाईक तळ्यात साठवता येतो आणि सभासदांना दाबाने, पाइपातून, रोज थोडा थोडा पुरवता येतो. मग आवर्तन आणि ठिबक यांचे भांडण मिटते. जनाई-शिरसाई आणि पुरंदर यांसारख्या उपसा योजनांत तर पाण्याच्या प्रत्येक घनमीटरला विजेचे बिल लागते. असे महागडे पाणी वर चढवून पुन्हा पाटाने सोडणे हा शुद्ध तोटा आहे. तिथे तळ्यापासून शेतापर्यंत बंद नलिका, प्रत्येक गटाला मीटर आणि गटातच दुरुस्ती जाणणारा एक पगारी माणूस, एवढी रचना आधी उभी केली आणि अनुदान तिच्यामागून दिले, तर जिरायतातला शेतकरी ठिबककडे कुणी न सांगता वळेल. मीटर बिघडले किंवा चारीच्या तोंडाचे दार कुणी रात्री उचलले तर काय करायचे, हे मात्र त्या संस्थेच्या सभेतच ठरावे लागेल; त्यासाठी पाटकऱ्याचे आणि अभियंत्याचे अधिकार तिच्याकडे खरोखर यायला हवेत, आणि ते हस्तांतर बहुतेक ठिकाणी अजून अर्धेच झाले आहे.